मागून बसलेली गाडी उठवताना

दिंडोरी मागे पडली की वणीपर्यंत गावोगावी गतिरोधक लागतात. 2024 च्या वैशाखात आईला सप्तशृंगीच्या दर्शनाला नेत होतो. चैत्रातली यात्रा मुद्दाम टाळली होती, कारण त्या दिवसांत खासगी गाड्या पायथ्याच्या नांदुरीलाच थांबवतात आणि आईला एसटीची चढउतार झेपत नाही. तिच्या कमरेतली मणक्याची गादी सरकलेली आहे. पुढे मी आणि बायको, मागे आई, मामा आणि माझी मुलगी, डिकीत सीएनजीचं सिलिंडर आणि उरलेल्या फटीत कोंबलेल्या पिशव्या. प्रत्येक गतिरोधकावर पुढची चाकं नीट उतरायची आणि मग मागून ‘धप्प’ असा आवाज यायचा. आई काही बोलली नाही. आरशात पाहिलं तर तिनं पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. वणीच्या अलीकडे एवढंच म्हणाली, “अजून हळू घेता आली तर बघ रे.” मी पहिल्या गिअरमध्येच होतो.

गडावरच्या पायऱ्यांचा प्रश्न फनिक्युलर ट्रॉलीमुळे उरला नव्हता, दर्शन छान झालं. पण घरी आल्यावर आई दोन दिवस झोपून होती. गाडीचं मागचं अंग उचलायचं, हे मी तेव्हा ठरवलं.

गाडी 2018 ची, चार मीटरच्या आतली पेट्रोल सेदान. तिचं नाव लिहीत नाही, कारण पुढचे सगळे आकडे माझ्या एकट्या गाडीचे आहेत आणि दोषही तिचा नाही. 2022 मध्ये मी 60 लिटरचं सीएनजी सिलिंडर बाहेरून बसवून घेतलं, पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयातून आरसीवर नोंद करून घेतली. पोलादी सिलिंडर, आतला गॅस, त्याची चौकट, पट्टे असं सगळं धरून साधारण 75 किलो वजन मागच्या चाकांच्या डोक्यावर कायमचं बसलं. म्हणजे एक मोठा माणूस डिकीत दिवसरात्र बसलेला आहे आणि त्याच्यासाठी स्प्रिंगमध्ये काहीच तजवीज केलेली नाही. कंपनीकडूनच सीएनजी घेऊन येणाऱ्या गाड्यांचं सस्पेन्शन त्या वजनाला जुळवलेलं असतं. बाहेरून बसवताना हा विचार कोणी करत नाही, मीही केला नव्हता.

पहिल्या गॅरेजात गेलो तर गाडीकडे एक नजर टाकून उत्तर आलं, “पॅकिंग टाकून देतो साहेब. दोन इंच वर येईल. अर्ध्या तासाचं काम.” म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावर एक कडं बसवायचं. दुसरीकडे सांगितलं, शॉकअप गेलेत, बदला, गाडी आपोआप वर येईल. तिसऱ्यानं स्प्रिंग काढून ताव देऊन ताणून आणायचा मार्ग सुचवला. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. हातात दिवसभर व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, असतो. तिघांपैकी एकानंही टेप लावला नाही, म्हणून तिघांकडूनही परत फिरलो.

ताव देण्याचं तर मनातूनच काढून टाकलं. स्प्रिंगच्या पोलादाला तिची लवचीक ताकद ठरावीक तापमानाच्या प्रक्रियेतून मिळालेली असते. गॅसच्या ज्योतीनं ती लाल केली की तेवढ्या भागातली ती ताकद जाते. वर आलेली गाडी काही महिन्यांत पुन्हा बसते आणि एखादा वेढा तुटला तर तो धावत्या गाडीत तुटतो. शॉकअपबद्दलचा गैरसमज मात्र इतका पसरलेला आहे की थोडं थांबून लिहितो. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते. शॉकअपचं काम वेगळं, स्प्रिंग दबून परत उसळते ती उसळी आवरायची. शॉकअप थकला तर गाडी डोलते, खाली बसत नाही. त्यामुळे बसलेल्या गाडीला नवे शॉकअप लावले तर पैसे जातात आणि उंची जवळपास तेवढीच राहते.

मोजणी रविवारी सकाळी केली, आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीच्या तळमजल्यावर. आधी पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी करतात तसं, जमीन समतल असलेली जागा शोधली. चारही चाकांत ठरलेली हवा भरली. डिकी तीन-चारदा दाबून सोडली आणि गाडी दोन हात पुढे ढकलली, म्हणजे सांध्यांतल्या रबरी बुशमध्ये अडकलेला ताण सुटतो. मग चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरला. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा मध्ये येते, चाकाच्या मध्यापासून मोजलं तर फक्त सस्पेन्शन दिसतं.

मागची उंची रिकाम्या गाडीत 364 मिलिमीटर भरली. मग घरच्या सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं, पिशव्या ठेवल्या आणि पुन्हा मोजलं तर 322. शेजाऱ्यांची गाडी त्याच मॉडेलची, पण सीएनजी नसलेली. त्यांना विनंती केली. त्यांची रिकामी गाडी 385 भरली. म्हणजे सिलिंडरनं माझी गाडी 21 मिलिमीटर खाली आणली होती आणि माणसं बसली की ती आणखी 42 खाली जात होती. गाडीखाली आडवा होऊन पाहिलं तर सगळं कळलं. स्प्रिंगच्या पोटात जो रबरी बंप स्टॉप असतो, तो आणि मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा बीम यांच्यात भरलेल्या गाडीत फारच थोडी फट उरत होती. आईला बसणारा तो दणका म्हणजे स्प्रिंग संपून रबरावर आदळणारं लोखंड होतं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, ताशी 25 किलोमीटर वेगानं गाडी त्यावरून जावी असा. आमच्या वाटेवरचे बरेच गतिरोधक हातभर रुंद आणि उभे आहेत. त्यांच्यावर चाक चढत नाही, आपटतं. रस्ता माझ्या हातात नव्हता, गाडी होती.

आणखी एक ठरवून टाकलं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितलेलं आहे. गाडी मागून उंच करून मिरवायची मला हौसही नव्हती. सिलिंडर बसवण्याआधी होती त्या उंचीला परत न्यायची, म्हणून 385 हा आकडा मी कमाल मर्यादा धरला.

जूनमध्ये सर्वांत सोपी गोष्ट केली. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी बफर मिळतात, ते आणले. ते बसवले की तेवढा वेढा जवळजवळ अडकून पडतो, काम करणारे वेढे कमी होतात आणि स्प्रिंग ताठ होते. भरलेल्या गाडीत फरक पडला, हे खरं. पण एकटा अंबडला जाताना मागची बाजू बैलगाडीसारखी वाजायला लागली. पुढे नाशिकचा पाऊस सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये चाक काढून पाहिलं तर उजवा बफर जागचा सरकला होता, त्याच्या खाचेत चिखल घट्ट बसला होता आणि रबर घासून स्प्रिंगवरचा रंग उडाला होता. उघड्या पोलादावर गंज धरायला लागला होता. स्प्रिंगवर गंजाचा खड्डा पडला की तडा तिथूनच सुरू होतो, हे मी कारखान्यात तुटलेल्या नमुन्यांवर पाहिलेलं आहे. दोन्ही बफर त्याच दिवशी काढले. ज्यांची गाडी कायम भरलेलीच असते, स्वच्छ राहते, त्यांना ते चालत असतील. माझ्या वापराला नाही.

मग पॅकिंग, म्हणजेच स्पेसर. इथं मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं.

माझ्या गाडीत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत. त्यामुळे स्प्रिंगच्या डोक्यावर कडं बसवलं की गाडी वर येते आणि शॉकअपला हात लावावा लागत नाही. स्प्रिंग चाकाच्या बरोबर वर नसते, बीमच्या हातावर थोडी पुढे असते. त्यामुळे स्प्रिंगपाशी टाकलेलं पॅकिंग चाकापाशी जास्त होऊन दिसतं. माझ्या गाडीत बीमच्या बिजागरीपासून स्प्रिंगचं अंतर चाकाच्या अंतराच्या साधारण 0.8 पट भरलं. मला 20 मिलिमीटरच्या आत राहायचं होतं, म्हणून 15 ची कडी ठरवली. तो दोन इंचवाला हे गणित न करता गाडी अडीच इंच उचलून देणार होता.

ओळखीच्या टर्नरकडे अॅल्युमिनियमच्या बारमधून दोन कडी लेथवर काढून घेतली. मधून बंप स्टॉप जायला भोक, कडं घसरू नये म्हणून एका अंगाला ओठ आणि पाणी साचू नये म्हणून दोन खाचा. टर्नर म्हणाला, “नायलॉनची करू का भाऊ, हलकी होतील.” सतत दाबाखाली नायलॉन हळूहळू बसत जातं, म्हणून नको म्हटलं. कंपनीचं रबरी आसन तसंच ठेवून कडं त्याच्या वर, बॉडीच्या बाजूला घेतलं.

बसवण्याआधी एक तपासणी केली. पॅकिंग टाकायचा विचार असेल त्यानं ती वगळू नये. चाक पूर्ण वर गेलं की स्प्रिंग आता पूर्वीपेक्षा 15 मिलिमीटर जास्त दबणार. तिचे वेढे एकमेकांना टेकले तर तो दणका थेट बॉडीच्या पत्र्यावर जातो. म्हणून गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली, स्प्रिंगा काढल्या, रिकामा बीम जॅकनं वर नेत बंप स्टॉप गच्च दाबला आणि स्प्रिंगच्या दोन्ही आसनांमधलं अंतर मोजलं. ते 108 भरलं. कडं धरून उरले 93. स्प्रिंगच्या तारेचा व्यास 11 आणि वेढे 7, म्हणजे पूर्ण मिटलेली स्प्रिंग 77 ची. सोळा मिलिमीटर शिल्लक होते. मग पुढे गेलो.

स्प्रिंगा काढण्याचं काम द्वारकेकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे केलं. मी त्यांनाही मामाच म्हणतो. गाडीचं शरीर घोडीवर, बीमखाली ट्रॉली जॅक, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट सोडायचे आणि बीम अगदी सावकाश खाली सोडायचा. स्प्रिंग मोकळी होऊन हातात येते. मामांनी एक गोष्ट न विचारता केली. बीम खाली जाताना ब्रेकच्या रबरी नळीवर आणि चाकाच्या सेन्सरच्या वायरवर एका पोराला नजर ठेवायला बसवलं. आणि बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी जमिनीवर ठेवल्यावर. “लटकत्या गाडीत आवळलं ना सर, की बुश पिळूनच राहतो. मग तो वर्षभरात फाटतो.”

मोजलं. रिकामी 383, भरलेली 341. वजाबाकी करून पाहा. आधी भरल्यावर गाडी 42 खाली जात होती, आताही 42 च जाते. पॅकिंगनं गाडीची उंची वाढली, ताकद तेवढीच राहिली. स्प्रिंग तीच, तिची किलोला दबण्याची सवय तीच, फक्त ती उभी आहे ती पायरी एक वर गेली. सिलिंडर हे कायमचं वजन होतं, ते पॅकिंगनं भरून निघालं. पण पाच माणसांचं येणारं-जाणारं वजन होतं तिथंच होतं.

शिवाय वर जाण्याची वाट वाढली तेवढी खाली उतरण्याची वाट कमी झाली होती. शॉकअप पूर्वीइतकाच लांब होतो, गाडी मात्र 19 मिलिमीटर वर उभी आहे. रिकाम्या गाडीत एखाद्या खड्ड्यावर चाक खाली लोंबलं की शॉकअप पूर्ण ताणला जाऊन ‘ठक’ असा आवाज यायचा. त्याचा एक फायदाही आहे. चाक किती खाली जाऊ शकतं हे शॉकअपच ठरवतो आणि तो बदललेला नाही, त्यामुळे ब्रेकच्या नळीला जादा ताण पडत नाही.

दिवाळीत आईला मावशीकडे त्र्यंबकला नेलं. दणके बरेच कमी झाले होते. गेलेले नव्हते. तिनं “आता बरी आहे रे गाडी” असं म्हटलं, पण उतरताना हात कमरेवर होता. मला ते पुरेसं वाटलं नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये कडी काढली आणि जास्त ताकदीच्या स्प्रिंगा बसवल्या. स्पेअर पार्टच्या दुकानात तीन जोड्या समोर ठेवून व्हर्नियर लावला. दुकानदार शांतपणे थांबले, त्यांचे आभार मानायला हवेत. जी निवडली तिची लांबी, वेढे आणि घेर जुन्यासारखाच होता, फक्त तारेचा व्यास 11.6. इतक्यानं काय होणार, असं वाटेल. पण स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. 11 वरून 11.6 गेलं की ताकद जवळपास 24 टक्क्यांनी वाढते. म्हणूनच ‘थोडी जाड’ एवढ्या वर्णनावर कोणी स्प्रिंग देत असेल तर घेऊ नये.

पहिल्या दिवशी गाडी वर आली, पण कंबरेत वाकून नाचायला लागली. एका गतिरोधकानंतर तीन हेलकावे. 65 हजार किलोमीटर धावलेले शॉकअप जुन्या स्प्रिंगलाच कसेबसे आवरत होते, नवी त्यांना ऐकेना. इथं शॉकअप बदलणं खरंच गरजेचं होतं, आणि हा खर्च मी स्प्रिंगेबरोबरच धरायला हवा होता. मामांनी पुन्हा तेच सगळं उघडलं आणि मजुरी अर्धीच घेतली.

शेवटची मोजणी अशी आली: रिकामी 382, भरलेली 348. भरल्यावर खाली जाणं 42 वरून 34 वर आलं. पॅकिंग आणि स्प्रिंग यांत भरलेल्या गाडीचा फरक अवघा सात मिलिमीटरचा दिसतो. सीटवर बसल्यावर तो त्याहून मोठा आहे, कारण गतिरोधकावर वजन क्षणभर दुप्पट झाल्यासारखं येतं आणि तेव्हा ताठ स्प्रिंग प्रत्येक मिलिमीटरला जास्त विरोध करते. बंप स्टॉपपर्यंत गोष्ट जातच नाही. याची किंमतही आहे. मी एकटा असलो की उड्डाणपुलावरचे सांधे आता जाणवतात, पूर्वी जाणवत नसत. ती मला मान्य आहे. माझी कंबर धड आहे.

दिव्यांचं राहिलंच. दोन वर्षं दिंडोरी रोडवर रात्री समोरचे ट्रक मला डिपर मारत आणि मी त्यांनाच दोष देत होतो. गाडी मागून बसली की तिचं तोंड वर होतं आणि लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. मागचं अंग उचलल्यावर सोसायटीच्या भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी केली, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखली आणि प्रकाशाची वरची कड त्या रेषेच्या 10 सेंटिमीटर खाली येईल असे स्क्रू लावले. जे लोक मागची उंची बदलतात त्यांनी हे त्याच संध्याकाळी करावं. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या जिवाचा प्रश्न आहे. व्हील अलाइनमेंटही तपासून घेतलं. मागचं अंग उचललं की पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे ती ज्या अक्षावर वळतात त्याचा मागचा कल, किंचित कमी होतो. माझ्या गाडीत तो मर्यादेतच निघाला. स्प्रिंगांचं आणि शॉकअपचं बिल जोडून विमा कंपनीला लेखी कळवलं.

2025 चा वैशाख. तोच रस्ता, तीच पाच माणसं, पिशव्या मागच्या वेळेपेक्षा एक जास्त, कारण आमच्या घरच्या मामांनी बहिणीसाठी वणीला नेऊन द्यायचे द्राक्षांचे बेदाणे करून आणले होते. पहिल्या गतिरोधकाला मी सवयीनं श्वास रोखला. मागची चाकं चढली, उतरली, गाडी एकदा दबून जागेवर आली. आवाज आला नाही. आरशात पाहिलं तर आईचे हात मांडीवर होते आणि ती मुलीला खिडकीतून मार्कंड्याचा डोंगर दाखवत होती.

गेल्या रविवारी पुन्हा त्याच जागी, त्याच नळीनं पाणी लावून मोजलं. डावीकडे 381, उजवीकडे 380. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला एक-दोन मिलिमीटर बसतात, तेवढ्याच बसल्या आहेत. अॅल्युमिनियमची कडी कपाटात आहेत. शेजाऱ्यांनीही आता सीएनजी बसवलंय. ती कडी मागायला आले होते. मी टेप घेऊन त्यांच्याबरोबर खाली गेलो.